पोटरीवरचा दाब : एका मोज्याचा इतिहास

दिवसाचे पाच-सहा तास वर्गात उभे राहून काढले की बहुतेक शिक्षकांना आपले पाय जाणवू लागतात. पोटऱ्या जड होतात, घोट्याभोवती सूज येते, संध्याकाळी मोजे काढले की त्यांच्या काठाचा वळ कातडीवर उमटलेला दिसतो. काहींच्या पोटरीवर किंवा गुडघ्याच्या मागे निळसर, नागमोडी शिरा वर आलेल्या असतात. वैद्यकाच्या परिभाषेत त्यांना 'अपस्फीत नीला' म्हणतात; बोलताना आपण नुसते 'शिरा फुगल्या' असे म्हणतो. बसचे वाहक, वाहतूक पोलीस, न्हावी, आचारी, शल्यचिकित्सक अशा उभ्याने काम करणाऱ्या सर्वांचीच ही तक्रार असते. दुर्लक्ष झाले तर पुढे घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाजते आणि एखादी लहानशी जखमही महिनोन्महिने भरत नाही.

या तक्रारीवरचा एक उपाय म्हणजे पायावर ठरावीक दाब देणारा घट्ट मोजा. तो दिसायला साधा असला तरी त्याच्यामागे सुमारे अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि आपण सातवी-आठवीला शिकवतो तो द्रवाच्या दाबाचा धडाही आहे. तो इतिहास आपण येथे पाहू. शेवटी असा मोजा कसा निवडावा हेही पाहू, विशेषतः पुरुषांनी. कारण हा मोजा आपल्यासाठी नाहीच असा समज पुरुषांमध्येच अधिक आहे.

मारियसचा दुसरा पाय

अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात इ. स. पूर्व चौथ्या शतकातील एक दगडी शिल्प आहे. नवस फेडण्यासाठी देवस्थानात वाहिलेल्या या शिल्पात एक दाढीवाला पुरुष भला मोठा पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि त्या पायावर एक फुगलेली शीर स्पष्ट कोरलेली आहे. म्हणजे हा विकार जुना आहे आणि तो पुरुषांनाही होतो, याचा हा दगडी पुरावाच म्हणायचा. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत पायावर जखम असेल तर उभे राहू नये असे सांगितलेले आहे. कारण माहीत नव्हते, पण निरीक्षण अचूक होते.

रोमन सेनापती गायस मारियस याची गोष्ट प्लुटार्कने नोंदवून ठेवली आहे. मारियसच्या दोन्ही पायांवर शिरांच्या मोठमोठ्या गाठी झाल्या होत्या. शस्त्रक्रिया करायचे ठरले. त्या काळी भूल नव्हती. रुग्णाला बांधून ठेवीत, पण मारियसने स्वतःला बांधू दिले नाही. एका पायाची कापाकापी त्याने हूं की चूं न करता सोसली. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र मारियसने तो पुढे करायला नकार दिला. एवढ्या वेदनेच्या मोलाचा हा उपचार नाही, असे त्याचे म्हणणे होते. लढाईत शूर असलेल्या माणसाने केलेला हा हिशेब आपण लक्षात ठेवू. पुढची सतराशे वर्षे सौम्य उपायाचा शोध चालू राहिला, त्यामागे असेच अनेक दुसरे पाय आहेत.

दारे दिसली, पण दिशा उमगली नाही

उपाय सापडत नव्हता याचे एक कारण असे, की शिरांमध्ये रक्त कोणत्या दिशेने वाहते हेच माहीत नव्हते. दुसऱ्या शतकातील गॅलेनच्या शिकवणीनुसार रक्त यकृतात तयार होते, शिरांतून शरीरभर जाते आणि तेथे वापरले जाते. ही शिकवण युरोपात सोळाव्या शतकापर्यंत प्रमाण मानली जात होती.

इटलीतील पाडुआ येथे शरीररचना शिकवणाऱ्या फॅब्रिसियसने शिरांच्या आत पातळ पडद्यांच्या झडपा पाहिल्या. १६०३ साली त्याने त्यांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिच्यात झडपांना 'लहान दारे' असे नाव दिले. चित्रे उत्तम होती. परंतु अर्थ लावताना फॅब्रिसियस गॅलेनच्याच चौकटीत राहिला. रक्त वरून खाली वाहते हे त्याने गृहीत धरले, तेव्हा ही दारे कशासाठी? तर रक्ताचा लोंढा हातापायांत एकदम उतरू नये म्हणून त्याला अडखळवण्यासाठी, असे उत्तर त्याने दिले.

याच पाडुआत विल्यम हार्वे शिकला आणि १६०२ साली पदवी घेऊन इंग्लंडला परतला. १६२८ साली त्याने हृदय व रक्ताच्या गतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हार्वेने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे हिशेब. हृदयाच्या एका ठोक्याला थोडेसेच रक्त बाहेर पडते असे मानले, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त शरीरातील एकूण रक्ताहून जास्त भरते. एवढे रक्त यकृत नव्याने कोठून करणार? तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. दुसरी म्हणजे एक प्रयोग, जो आजही वर्गात करता येतो. दंडावर फडक्याची पट्टी बेताची आवळून बांधावी, म्हणजे पुढच्या हातावरच्या शिरा वर येतात आणि त्यांवर मधूनमधून गाठीसारखे फुगवटे दिसतात. तेथे झडपा असतात. एका बोटाने शीर दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वरच्या गाठीपलीकडे सारावे. वरचे बोट उचलले तरी मधला भाग रिकामाच राहतो. खालचे बोट उचलताच तो भरतो. म्हणजे शिरेतील दार हृदयाच्या दिशेनेच उघडते. हा प्रयोग एक-दोन मिनिटांत आटोपून पट्टी लगेच सोडावी.

रॉबर्ट बॉइलने लिहून ठेवले आहे, की अभिसरणाची कल्पना आपल्याला शिरांतील झडपांवरून सुचली, असे हार्वेने त्याला सांगितले होते. वस्तू दोघांनीही पाहिली होती. फॅब्रिसियसने ती जुन्या उत्तरात बसवली आणि हार्वेने तिच्यावरून नवा प्रश्न विचारला.

नव्वद मिलिमीटरचा स्तंभ

आता आपल्या पायाकडे येऊ. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंतचे अंतर सुमारे १२० सेंटिमीटर असते. शिरांमधून रक्ताचा तेवढ्या उंचीचा स्तंभ उभा आहे असे समजू. रक्ताची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, सुमारे १.०६ आहे, आणि पाऱ्याची १३.६. म्हणजे १२० सेंटिमीटर रक्त बरोबर सुमारे ९.४ सेंटिमीटर पारा. नुसते स्तब्ध उभे राहिल्याने घोट्याजवळच्या शिरांमध्ये सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब येतो, तो या साध्या गुणाकारातून. आडवे पडले की तो उतरतो. पाय वर करून निजल्यावर आराम का वाटतो, याचे उत्तर येथेच मिळते.

मग हे रक्त वर चढते कसे? येथे पोटरीचे स्नायू कामाला येतात. चालताना स्नायू आवळला की आतल्या शिरा पिळल्या जातात. झडपांमुळे रक्ताला खाली जाता येत नाही, म्हणून ते वर ढकलले जाते. स्नायू सैल झाला की शीर पुन्हा खालून भरते. या पंपामुळे निरोगी माणूस चालू लागला की घोट्याजवळचा दाब ३० मिलिमीटरच्या खाली येतो. म्हणूनच पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणण्याची पद्धत आहे. शिक्षकाची अडचण अशी, की तो चालत नाही आणि बसतही नाही. तो फळ्यासमोर उभा राहतो. पंप बंद आणि स्तंभ मात्र पूर्ण उंचीचा. शिरा ताणल्या गेल्या की झडपांची दोन पाने एकमेकांना भिडत नाहीत, रक्त मागे गळते, त्याने शीर आणखी ताणली जाते आणि पुढची झडप निकामी होते.

कुत्र्याच्या कातड्यापासून रबराच्या धाग्यापर्यंत

गमतीची गोष्ट अशी, की बाहेरून दाब देण्याचा उपाय अभिसरणाच्या शोधाची वाट पाहत थांबला नाही. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे पायावरील जखमांसाठी पावलापासून गुडघ्याकडे पट्टी बांधीत असे. खालून वर ही दिशा अनुभवाने सापडलेली होती.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा शल्यचिकित्सक रिचर्ड वाइजमन हार्वेनंतरच्या पिढीतला. १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शल्यग्रंथात कुत्र्याच्या मऊ कातड्याच्या, नाडीने आवळायच्या मोज्याचे वर्णन आहे. सूज उतरली की नाडी आणखी ओढायची. दाब कमीजास्त करता येणारा मोजा येथे प्रथम दिसतो. शिरा फुगल्यामुळे होणाऱ्या जखमेला स्वतंत्र नावही वाइजमननेच दिले.

कातडे आणि कापड यांची मर्यादा अशी, की पाय सुजला की ते काचतात आणि सूज उतरली की सैल पडतात. लवचिक वस्तू हवी होती. कच्चे रबर लवचिक खरे, पण उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात ताठर होणारे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि त्यानंतर काही वर्षांतच इंग्लंडमध्ये रबराचे धागे विणलेले मोजे तयार होऊ लागले. ते जाड, उकडणारे आणि घामाने लवकर खराब होणारे होते, तरी पायाबरोबर आकार बदलणारा मोजा आता मिळाला. याच शतकाच्या अखेरीस हँबर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना याने जस्ताच्या लेपात भिजवलेल्या पट्ट्या पायाभोवती गुंडाळण्याची पद्धत रूढ केली. तिला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

आपल्याकडील 'पट्टी' हा शब्दही या सुमारास पायाभोवती गुंडाळून जगभर गेला. हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्टी गुंडाळण्याची पद्धत उचलली आणि इंग्रजीत 'पटी' हा शब्द रूढ झाला. अर्थात तिचा हेतू पायाचे चिखल-काट्यांपासून रक्षण हा होता, औषधोपचाराचा नव्हे.

या सगळ्यांत एक उणीव होती. दाब किती आणि कोठे, हे कोणी मोजत नव्हते. लवचिक कापडाचा दाब त्याच्या ताणाच्या प्रमाणात वाढतो आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. लाप्लासच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम. घोट्याजवळचा घेर २२ सेंटिमीटर आणि पोटरीचा ३६ सेंटिमीटर असेल, तर सारख्याच ताणाने घोट्यावर सुमारे १.६ पट दाब येतो. नडगीच्या धारदार कडेची त्रिज्या फारच लहान, म्हणून तेथे दाब एकदम वाढून कातडीला इजा होऊ शकते. उलट घोट्याच्या हाडामागे खळगा असतो. तेथे मोजा ताणून नुसता वरून जातो, दाब पडतच नाही. 'घट्ट' या शब्दाने काहीच कळत नाही ते यामुळे.

तलावात उभा राहिलेला अभियंता

हा हिशेब जुळवला तो वैद्याने नव्हे, तर एका रुग्णाने. जर्मनीत जन्मलेला कॉनरॅड जॉब्स्ट अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो येथे राहणारा यंत्र-अभियंता होता. त्याच्या स्वतःच्या पायांना शिरांच्या विकाराने जखमा होत. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आले.

असे का व्हावे? तलावात शरीराभोवतीही पाण्याचा स्तंभ उभा असतो. १२० सेंटिमीटर खोल पाण्याचा दाब सुमारे ८८ मिलिमीटर पारा भरतो, म्हणजे शिरेतील रक्ताच्या दाबाच्या जवळपास बरोबर. आणि महत्त्वाचे हे, की हा दाब पावलाशी सर्वांत जास्त असून वर येईल तसा कमी होत जातो, नेमका शिरेतील दाबासारखाच. जॉब्स्टने यावरून घोट्याशी जास्त आणि वर क्रमाने कमी दाब देणारे मोजे तयार केले. १९५० च्या सुमारास असे मोजे रुग्णांपर्यंत पोहोचू लागले.

हाच विचार दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या कामी आला होता. विमान वेगाने वळले की रक्त पायांत उतरून वैमानिकाची शुद्ध हरपत असे. कॅनडातील विल्बर फ्रँक्सने त्यासाठी पाणी भरलेला पोशाख तयार केला. निसर्गाने तर हा मोजा कधीच विणला होता. १९८७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की जिराफाच्या पायावरची कातडी व आतील आवरण इतके घट्ट असते, की एवढ्या उंच प्राण्याचे पाय सुजत नाहीत.

वर्गात हे पटवायचे असेल तर एक प्रयोग करावा. हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाण्याने भरलेल्या बादलीत कोपरापर्यंत बुडवावा, पाणी पिशवीत शिरू देऊ नये. पिशवी बोटांशी घट्ट आणि वर सैल चिकटते. क्रमाने कमी होणारा दाब असा हाताला कळतो.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की मोज्याचा दाब २०-३० मिलिमीटर आणि शिरेतला ९०, मग उपयोग काय? प्रश्न योग्य आहे. मोजा हा स्तंभ तोलून धरत नाही. तो वरवरच्या शिरा थोड्या अरुंद करतो आणि केशवाहिन्यांतून बाहेर झिरपणारा द्रव कमी करतो. शिवाय पोटरीच्या स्नायूला बाहेरून भिंत मिळते, त्यामुळे पंप अधिक जोमाने चालतो. म्हणून मोजा घालून चालणे, निदान टाचा वर-खाली करणे, हा उपचाराचाच भाग आहे.

धाग्यांतही दरम्यान क्रांती झाली. १९३० च्या दशकात नायलॉन आले आणि १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्सने रबराची जागा घेणारा लवचिक कृत्रिम धागा शोधला. पातळ आणि धुता येणारे दाबमोजे त्यामुळे शक्य झाले.

मोज्याचीही परीक्षा

उपाय तर्काला पटला म्हणून तो प्रत्येक ठिकाणी लागू पडतोच असे नाही. २००१ साली 'लॅन्सेट' मध्ये लांबच्या विमानप्रवासाची एक पाहणी प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढच्या प्रवाशांपैकी मोजे न घातलेल्या १२ जणांच्या पायांत लक्षणे नसलेल्या गुठळ्या आढळल्या, मोजे घातलेल्यांत एकही नाही. पण मोजे घातलेल्या चौघांच्या वरवरच्या शिरांना दाह झाला. २००९ साली पक्षाघाताच्या २,५१८ रुग्णांवरील चाचणीत मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट कातडीला इजा होण्याचे प्रमाण वाढले. २०१४ साली ८०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना तसेच दिसणारे पण दाब न देणारे मोजे दिले होते. गुठळीनंतर पायात दीर्घकाळ राहणारा त्रास दोन्ही गटांत जवळपास सारखाच आढळला.

मग मोजा निरुपयोगी का? नाही. शिरांमुळे झालेल्या जखमा दाबाने लवकर भरतात हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे, आणि उभ्याने काम करणाऱ्यांची सूज व जडपणाही त्याने कमी होतो. मात्र मोजा बिघडलेली झडप दुरुस्त करत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दाबाच्या जोडीला सदोष शीर लवकर बंद केल्यास जखम अधिक लवकर भरते असे दिसले. म्हणजे कोणत्या पायाला काय हवे, हे तपासूनच ठरवावे लागते.

पुरुषांचा पाय आणि पुरुषांची लाज

विल्यम ली या इंग्रजाने १५८९ साली मोजे विणायचे यंत्र केले, तेव्हा युरोपात गुडघ्यापर्यंतचे मोजे हा पुरुषांचा रोजचा पोशाख होता. विजारी लांब झाल्या तसे हे मोजे झाकले गेले आणि विसाव्या शतकात नायलॉनचे लांब मोजे म्हणजे बायकांची वस्तू असे समीकरण झाले. विकाराने हे समीकरण मान्य केलेले नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरो येथील पाहणीत १८ ते ६४ वयाच्या पुरुषांत ठळक अपस्फीत नीलांचे प्रमाण ४० टक्के, तर स्त्रियांत ३२ टक्के आढळले. पुरुष डॉक्टरकडे उशिरा जातात तेव्हा ते या प्रमाणातून सुटत नाहीत, फक्त जखम होईपर्यंत थांबतात.

मोजा घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायाच्या रोहिण्यांची तपासणी करून घ्यावी. धूम्रपान करणारे आणि मधुमेही यांनी तर नक्कीच. रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर पायाला रक्त आधीच कमी मिळते, त्यात बाहेरून दाब दिला तर पाय धोक्यात येतो. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करून हे कळते. एकाच पायाला अचानक सूज आणि वेदना आली तर मोजा न शोधता तत्काळ रुग्णालय गाठावे.

दाब मिलिमीटर पाऱ्यातच विचारावा, नुसता 'क्लास' सांगून भागत नाही. ब्रिटिश प्रमाणात दुसरा वर्ग १८ ते २४ मिलिमीटरचा, तर जर्मन प्रमाणात तोच २३ ते ३२ चा. माप सकाळी उठल्याबरोबर, सूज येण्याआधी घ्यावे: घोट्यावरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची लांबी. बुटाच्या नंबरावरून घेतलेला मोजा बहुधा चुकीचा निघतो, कारण पुरुषांची पोटरी व्यायामाप्रमाणे फार वेगवेगळी असते. बहुतेकांना गुडघ्याखालचा मोजा पुरतो. जाड विणीचा, काळा किंवा तपकिरी मोजा विजारीखाली साध्या मोज्यासारखाच दिसतो.

मोजा सकाळी पाय कोरडे असताना चढवावा. टाचेपर्यंत तो उलटा करून आधी पाऊल बसवावे आणि मग थोडा थोडा वर सरकवावा. हातात रबरी मोजे घातले तर पकड मिळते. काठ ओढून वर घेऊ नये आणि उरलेला भाग कधीही दुमडू नये. दुमडीत दाब दुप्पट होऊन गुडघ्याखाली फास बसतो, खालून वर कमी होणारा दाब नेमका उलटा होतो. रात्री मोजा काढून कातडीला तेल किंवा मलम लावावे. मोजा हाताने धुवावा, सावलीत वाळवावा आणि इस्त्री करू नये. रोजच्या वापराने लवचिकपणा उतरतो, म्हणून साधारण सहा महिन्यांनी तो बदलावा. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढली तर मोजा लगेच काढावा.

द्रवाचा दाब शिकवताना धरणाची भिंत तळाशी रुंद का, हे उदाहरण आपण नेहमी देतो. त्याच्या जोडीला हा मोजाही द्यावा. विद्यार्थ्यांना एक फीत द्यावी आणि शिक्षकांच्या घोट्याचा घेर पहिल्या तासापूर्वी व शेवटच्या तासानंतर मोजायला सांगावा. आठवड्याचे आकडे फळ्यावर मांडले की कोणाला डॉक्टरकडे जायला हवे, हे शिक्षकखोलीतही कळेल.